फादर म्हणजे ‘फाद’ करणारा?

पत्र:
मी सांगली जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. यंदा सातवीला सफिक्स शिकवताना मोठा तक्ता केला. एका बाजूला प्रत्यय, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. ‘नेस’ म्हणजे पणा, ‘लेस’ म्हणजे कमी, ‘फुल’ म्हणजे भरलेला, ‘अर’ म्हणजे करणारा, असे तीसेक. मुलांनी पाढ्यासारखा पाठ केला. चाचणीत मात्र पंचाईत झाली. एकानं ‘फादर’चा अर्थ ‘फाद करणारा’ असा लिहिला. ‘प्राइसलेस’ म्हणजे ‘स्वस्त’ असं बहुतेकांनी लिहिलं. ‘हॅपीनेस’चं स्पेलिंग निम्म्या वर्गाचं चुकलं आणि ज्यांचं बरोबर आलं त्यांनीही वाक्य केलं ते ‘शी इज हॅपीनेस’. मुख्याध्यापक म्हणतात, याला दोन तासांपेक्षा जास्त वेळ देऊ नका, टेन्स राहिलेत. एक सहकारी म्हणतात, इंग्रजीच्या तासाला मराठी आणली म्हणूनच हा घोळ झाला. किती प्रत्यय शिकवावेत, कुठून सुरुवात करावी, मराठी वापरावी की नाही, आणि परीक्षेत विचारायचं तरी कसं?
— एक शिक्षिका

उत्तर:

ताई, नमस्कार.

‘फाद करणारा’ या उत्तराला गुण देता येणार नाहीत हे खरं, पण त्या मुलाला जवळ बोलावून सांगा की विचार बरोबर दिशेनं चालला होता. तक्त्यातला नियम त्यानं दुसऱ्या एका शब्दावर लावून पाहिला. प्रत्यय शिकवायचे ते याचसाठी. त्याची पुढची पायरी तेवढी राहिली. शेपूट काढल्यावर जे उरतं तो इंग्रजीत शब्द आहे का, आणि असला तर या शब्दाशी त्याचं काही नातं लागतं का, हे बघायचं. ‘टीचर’मधून ‘टीच’ उरतो, नातं लागतं. ‘कॉर्नर’मधून ‘कॉर्न’ उरतो, तो शब्द खरा आहे, पण कोपऱ्याचा मक्याशी काही संबंध नाही. ‘फादर’मधून उरलेलं तर शब्दकोशात सापडतच नाही. ही तपासणी मुलांना शिकवली की अशी उत्तरं आपोआप कमी होतात. एखादं आलंच, तर वर्गात त्यावर पाच मिनिटं बोला. चांगला तास होतो.

‘लेस म्हणजे कमी’ ही तक्त्यातली ओळ मात्र आजच खोडा. तुमच्या मुलांनी ‘प्राइसलेस’ म्हणजे ‘स्वस्त’ लिहिलं ते त्या ओळीमुळेच. इंग्रजीत ‘कमी’ या अर्थाचा ‘लेस’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि प्रत्यय म्हणून येणारा ‘लेस’ वेगळा आहे. दोघांचं स्पेलिंग आज सारखं दिसतं, पण जुन्या इंग्रजीत ते दोन निराळे शब्द होते. प्रत्ययाच्या मुळाशी ‘-पासून मुक्त, -विना’ असा अर्थ आहे. मुलांना हे मूळ सांगत बसू नका. तुमचा जिल्हा द्राक्षांचा. वर्गात फक्त विचारा, थॉमसन सीडलेसमध्ये बी कमी असते की नसते? ट्यूबलेस टायरात ट्यूब लहान असते का? स्टेनलेस स्टीलच्या ताटाला डाग कमी पडावेत म्हणून ते नाव आहे, की पडूच नयेत म्हणून? दवाखान्यात कॅशलेस म्हणजे थोडे पैसे भरायचे की हातात रोकड न घेताच काम होतं? चार शब्दांत प्रत्ययाचा अर्थ मुलं स्वतः सांगतील, आणि तो तक्त्यातल्यापेक्षा अचूक असेल.

‘प्राइसलेस’ तरीही अडेलच, कारण ‘किंमत नसलेला’ म्हटलं की मूल म्हणणार ‘म्हणजे फुकटचा’. तिथं मराठीला बोलवा. ‘अमूल्य’ हा शब्द बघा. मूल्य नाही असं अक्षरशः म्हणणारा हा शब्द आपण कधी टाकाऊ वस्तूला लावत नाही. ज्याची किंमतच करता येत नाही ते अमूल्य, तेच ‘प्राइसलेस’. कवडीमोल वस्तूला इंग्रजीत ‘वर्थलेस’ म्हणतात. हे दोन्ही शब्द एकाच दिवशी शेजारी शेजारी फळ्यावर लिहा.

आता तुमच्या पत्रातल्या खऱ्या दुखण्याकडे येतो. माझ्या मते ते ‘फादर’ही नाही आणि ‘प्राइसलेस’ही नाही. ‘शी इज हॅपीनेस’ हे आहे. इथं मुलांना प्रत्ययाचा अर्थ येत होता, स्पेलिंगही येत होतं, तरी वाक्य मोडलं. कारण तक्त्यानं प्रत्ययाचा अर्थ सांगितला, पण प्रत्यय शब्दाचं काय करतो ते सांगितलं नाही. ‘नेस’ लागला की विशेषणाचं नाम होतं. ‘ली’ लागला की बहुधा विशेषणाचं क्रियाविशेषण होतं. ‘अर’ लागला की क्रियापदातून माणूस किंवा वस्तू निघते. वाक्यात शब्द बसण्याची जागाच बदलते. इंग्रजीतल्या बऱ्याच प्रत्ययांचं हेच मुख्य काम आहे, आणि काहींना तर वेगळा असा अर्थ काढूनच दाखवता येत नाही. ‘मूव्ह’ आणि ‘मूव्हमेंट’ यांत ‘मेंट’चा अर्थ काय सांगाल? हालणं ही क्रिया होती, तिचं नाव झालं, एवढंच.

हे सातवीच्या मुलांना समजतं का? व्याकरणाच्या भाषेत सांगितलं तर नाही समजत. मराठी वाक्यात दाखवलं तर लगेच समजतं. फळ्यावर लिहा, ‘ती आनंदीपणा आहे.’ वर्ग हसेल. का हसलात ते विचारा. कुणीतरी म्हणेलच, ‘बाई, ती आनंदी आहे, असं पाहिजे.’ त्याच्याच खाली ‘शी इज हॅपीनेस’ लिहा आणि काही न बोलता थांबा. मराठीतली जी गोष्ट कानाला लगेच खटकते ती इंग्रजीत खटकत नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे, आणि कान तयार करायला मराठीइतकं जवळचं साधन नाही. म्हणून तुमच्या सहकाऱ्यांशी मी सहमत नाही. घोळ झाला तो मराठी वापरल्यामुळे झाला असं मला वाटत नाही. मराठी अर्थाचा रकाना म्हणून वापरली गेली, तिची शब्द घडवण्याची रीत वर्गात आलीच नाही, म्हणून झाला.

इथं एक खबरदारी घ्या. तुम्ही ‘प्रत्यय’ म्हणालात की सातवीतल्या मुलाच्या डोक्यात आधी ‘स, ला, ते’ उभे राहतात. मराठीच्या तासाला त्यानं प्रत्यय हा शब्द विभक्तीच्या तक्त्यातून ऐकलेला असतो. ते प्रत्यय शब्दाचा वाक्याशी संबंध दाखवतात, नवा शब्द तयार करत नाहीत. ‘घराला’ म्हटलं तरी घर ते घरच. पण ‘दुकान’ला ‘दार’ लागला की दुकानाऐवजी माणूस उभा राहतो. मराठीच्या पुस्तकातला ‘शब्दसिद्धी’चा, म्हणजे शब्द कसे घडतात त्याचा, भाग आपल्याला हवा आहे. शक्य असेल तर मराठीच्या शिक्षकांशी बोलून तो पाठ आणि तुमचे सफिक्स एकाच आठवड्यात आणा. दोघांचंही काम हलकं होईल.

मराठीत या बाबतीत किती श्रीमंती आहे ते मुलांकडूनच वदवून घ्या. भांडखोर, दुकानदार, दादागिरी, धोकेबाज, मोठेपणा, गोडवा, लाजाळू, मानवता, नेतृत्व. पोरं तर इंग्रजी शब्दांनाही बिनधास्त मराठी प्रत्यय लावतात. ‘जास्त स्मार्टपणा करू नको’ हे वाक्य तुमच्या वर्गात रोज ऐकू येत असेल. ‘स्मार्टपणा’ आणि ‘स्मार्टनेस’ शेजारी लिहिलेत की ‘नेस’चा धडा निम्मा झाला.

याच्यात अजून एक गंमत आहे. आठवीच्या मुलांना ती कळते, सातवीला हवं तर सोडून द्या. मराठीत ‘पणा’ हा आपल्या घरचा, ‘ता’ आणि ‘त्व’ संस्कृतातून आलेले, ‘दार’, ‘खोर’, ‘बाज’, ‘गिरी’ फारसीच्या वाटेनं आलेले. इंग्रजीतही असेच थर आहेत. ‘नेस’, ‘लेस’, ‘फुल’, ‘शिप’, ‘हुड’ हे मूळचे इंग्रजी. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमधून आणि तिच्यामार्फत लॅटिनमधून शब्दांचा लोंढा आला, त्यांच्याबरोबर ‘मेंट’, ‘एबल’, ‘इटी’, ‘शन’ आले. ‘इस्ट’, ‘इझम’, ‘लॉजी’ यांचं मूळ ग्रीक. आता वर्गात हमखास येणारा प्रश्न घ्या. ‘काइंड’चं ‘काइंडनेस’ होतं, मग ‘काइंडिटी’ का नाही? तर ‘नेस’ जवळजवळ कुठल्याही विशेषणाला चिकटतो, ‘इटी’ला मात्र लॅटिन वळणाचा शब्द लागतो. आपणही ‘मानवता’ म्हणतो पण ‘चांगलता’ म्हणत नाही, तिथं ‘चांगुलपणा’ लागतो. कुठला प्रत्यय कुणाशी सोयरीक करतो हे मराठी मुलाला न शिकवता ठाऊक आहे. इंग्रजीतही तसं काहीतरी असतं, एवढं त्याला कळलं तरी ‘नियम का नाही’ ही चिडचिड कमी होते.

मूळ शब्दच बदलतो तेव्हा मुलं सगळ्यात जास्त गोंधळतात. ‘लाँग’चं ‘लेंग्थ’, ‘स्ट्राँग’चं ‘स्ट्रेंग्थ’, ‘डीप’चं ‘डेप्थ’. सुंदरचं सौंदर्य, शूरचं शौर्य, धीरचं धैर्य होतं, याची आठवण करून द्या. दोन्हीकडे प्रत्यय लागताना आतला स्वर हलला.

किती प्रत्यय, हा तुमचा प्रश्न. तीस फार झाले. १९८९ साली ‘द रीडिंग टीचर’ या नियतकालिकात व्हाइट, सॉवेल आणि यानागिहारा या अभ्यासकांनी शाळेच्या वाचनात येणाऱ्या छापील इंग्रजीतल्या प्रत्ययांचा हिशेब मांडला होता. ‘एस’ किंवा ‘ईएस’, ‘ईडी’ आणि ‘आयएनजी’ या तिघांतच प्रत्यय लागलेल्या शब्दांपैकी साधारण ६५ टक्के शब्द येतात. त्यांच्या मागून ‘ली’, मग करणारा दाखवणारे ‘अर’ आणि ‘ऑर’, मग ‘शन’ची मंडळी, मग ‘एबल’. ‘नेस’चा वाटा एक टक्क्याच्या आसपास. म्हणून ‘नेस’ सोडून द्या असं मी म्हणत नाही. पण तक्त्यात तीस ओळींना सारखीच जागा दिली की मुलाला कशावर जोर द्यायचा ते कळत नाही, आणि शिकवणाऱ्यालाही विसर पडतो.

तुम्ही म्हणाल, ‘एस’ आणि ‘ईडी’ तर मुलांना येतात. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, सातवीपर्यंत ‘प्लेज’ आणि ‘प्लेड’ असंख्य वेळा डोळ्यांखालून गेलेले असतात. अनेकवचन आणि भूतकाळ येतो, मान्य. पण ‘ईडी’ आणि ‘आयएनजी’ विशेषणं करतात तिथं पदवीधरही घसरतात. ‘आय ॲम बोरिंग’ असं सांगणारे किती भेटतात! त्यांना म्हणायचं असतं ‘मी कंटाळलोय’, आणि म्हणून बसतात ‘मी कंटाळवाणा आहे’. मराठीतला हा फरक मुलांना चोख कळतो, तोच वापरा. कंटाळा आणणारी गोष्ट ‘बोरिंग’, कंटाळलेला माणूस ‘बोअर्ड’. मग ‘टायरिंग’ आणि ‘टायर्ड’, ‘कन्फ्यूझिंग’ आणि ‘कन्फ्यूझ्ड’, ‘इंटरेस्टिंग’ आणि ‘इंटरेस्टेड’. सातवीच्या पूर्ण वर्षात यातलं एवढंच पक्कं झालं तरी मला ते ‘डम’, ‘हुड’, ‘शिप’ पाठ होण्यापेक्षा मोलाचं वाटेल. यात मुख्याध्यापकांचे टेन्सही होतात, कारण तीच रूपं तिथंही लागतात.

तेव्हा सातवीसाठी माझी निवड अशी: ‘ईडी’ आणि ‘आयएनजी’ची विशेषणं, ‘अर’, ‘लेस’ आणि ‘फुल’ची जोडी, ‘ली’, आणि ‘नेस’. बास. ‘एबल’ आणि ‘शन’ आठवीला.

सुरुवात ‘अर’पासून करा, कारण त्याचा कच्चा माल मुलांच्या दारातच पडलेला असतो. एक दिवस गृहपाठ द्या. घरात, शेतात, रस्त्यावर ऐकू येणारे ‘र’नं संपणारे इंग्रजी शब्द लिहून आणा. ब्लोअर, स्टार्टर, चार्जर, मिक्सर, थ्रेशर, ड्रायव्हर, पेंटर, ट्रान्सफॉर्मर येतील. पेपर, नंबर, वॉटर, पंक्चरही येतील. येऊ द्या. फळ्यावर दोन ढीग करायचे, मघाची तपासणी लावून. ‘ब्लो’ म्हणजे फुंकणं, म्हणून बागेत औषध उडवणारा तो ब्लोअर. ‘स्टार्ट’ करणारा स्टार्टर. ‘पंक्चर’ मात्र दुसऱ्या ढिगात, आणि त्याचं स्पेलिंग फळ्यावर लिहिलं की मुलांना दिसेल की तिथं शेवटी ‘ईआर’ नाहीच. देवनागरीत सगळे ‘र’ सारखे दिसतात. म्हणून शब्द ऐकून आणायचे, पण निवाडा इंग्रजी स्पेलिंग बघूनच करायचा. ‘डॉक्टर’वर कुणीतरी अडेल. त्यातला ‘ऑर’ खरा प्रत्यय आहे, पण उरलेला ‘डॉक्ट’ हा शिकवणे या अर्थाच्या लॅटिन धातूचा तुकडा, इंग्रजीत सुटा न चालणारा. त्याच्यासाठी एक तिसरा, लहानसा ढीग ठेवा आणि पुढं चला.

या ढिगातूनच दोन चांगले वाद निघतात. पहिला ‘कुकर’चा. स्वयंपाक करणारा माणूस ‘कुकर’ का नाही? इंग्रजीत त्या माणसालाही ‘कुक’च म्हणतात, आणि ‘कुकर’ हे उपकरण. म्हणजे ‘अर’ माणूसही देतो आणि यंत्रही, कुठला ते वापरानं ठरतं. तुमच्या तक्त्यातला ‘करणारा’ हा अर्थ चुकीचा नाही, पण अर्धा आहे. दुसरा ‘क्लीनर’चा. ट्रकवरचा क्लीनर हा माणूस, पण ‘धिस रूम इज क्लीनर’मध्ये माणूस कुठं आहे? तो ‘अर’ तुलनेचा. इंग्रजीत शेपूट एकच दिसलं तरी प्राणी दोन असू शकतात, हे मुलांना एकदा दिसलं की ‘ली’च्या वेळी उपयोगी पडतं. ‘स्लोली’, ‘क्विकली’ ही क्रियाविशेषणं, पण ‘फ्रेंडली’ आणि ‘लव्हली’ ही विशेषणं, कारण ती नामाला ‘ली’ लागून झाली आहेत. आणि ‘हार्डली’शी खास ओळख करून द्या. ‘ही वर्क्स हार्डली’ असं कौतुकानं लिहिलेल्या मुलानं खरं तर ‘तो जेमतेमच काम करतो’ असं लिहिलेलं असतं.

‘फुल’बद्दल थोडंच. तो ‘भरलेला’ हा तक्त्यातला अर्थ ‘ब्यूटिफुल’ला ओढूनताणून बसतो. मापाच्या शब्दांत मात्र तो आपल्या ‘भर’सारखा चपखल बसतो. चमचाभर म्हणजे ‘स्पूनफुल’, मूठभर म्हणजे ‘हँडफुल’. स्पेलिंगमध्ये प्रत्ययाला एकच ‘एल’, सुट्या शब्दाला दोन. थिएटरवरची ‘हाउसफुल’ची पाटी इथं गोंधळ घालते, तो दोन शब्दांचा जोड आहे.

स्पेलिंगचे नियम वेगळा पाठ करून शिकवू नका. ‘हॅपी’चा ‘वाय’ जाऊन ‘आय’ येतो, यात मराठी मुलाला नवल वाटायचं कारण नाही. विहीर म्हणताना ‘ही’ दीर्घ, विहिरीत म्हणताना ऱ्हस्व. घोडा, पण घोड्याला. शब्दापुढं काही लागायचं असलं की शब्द आधी थोडा बदलतो, याला आपण सामान्यरूप म्हणतो आणि मुलं ते रोज करतात. ‘वाय’च्या आधी व्यंजन असेल तर तो ‘आय’ होतो, ‘हॅपीनेस’ आणि ‘लेझीनेस’सारखा. आधी स्वर असेल तर राहतो, ‘प्लेअर’सारखा. शेवटचा मूक ‘ई’ स्वरानं सुरू होणाऱ्या प्रत्ययापुढं गळतो, म्हणून ‘यूझर’मध्ये एकच ‘ई’. व्यंजनापुढं टिकतो, म्हणून ‘यूझफुल’मध्ये तो दिसतो. ‘ट्रूली’, ‘आर्ग्युमेंट’ असे अपवाद येतील तेव्हा येतील. उच्चाराचं म्हणाल तर ‘फोटोग्राफ’चं ‘फोटोग्राफी’ होताना जोर पहिल्या अक्षरावरून दुसऱ्यावर जातो, हे मोठ्यानं म्हणून दाखवा आणि म्हणवून घ्या. मराठीत अशा आघाताला जागा नाही, त्यामुळे नियम सांगून ते येत नाही.

अर्थ ओळखण्यापलीकडे जाऊन मूल स्वतः शब्द घडवू शकतं का, हे तपासायची एक जुनी आणि मजेची रीत आहे. १९५८ साली जीन बर्को या संशोधिकेनं लहान मुलांना खोटे शब्द देऊन बघितले. चित्रातल्या एका काल्पनिक प्राण्याला ‘वग’ म्हणायचं, मग दोन दाखवून विचारायचं, हे काय? मुलं ‘वग्ज’ म्हणत, म्हणजे नियम त्यांच्या डोक्यात होता, शब्द पाठ नव्हता. तिचाच दुसरा प्रश्न होता, ‘झिब’ करणं हेच ज्याचं काम आहे त्या माणसाला काय म्हणाल? मोठ्यांनी ‘झिबर’ म्हटलं, पण इंग्रजी हीच घरची भाषा असलेल्या त्या चार ते सात वर्षांच्या पोरांपैकी बहुतेकांना ‘अर’ सुचला नाही, काहींनी ‘झिबमॅन’च्या धर्तीवर शब्द जुळवले. तुमच्या मुलांना तो पहिल्या दिवशी नाही सुचला तर काळजी करू नका. पण खेळ जरूर घ्या. ‘झॉग’ हे क्रियापद आहे असं सांगून टाका. झॉग करणारा? झॉग करून झॉग करून दमलेला? कधीच झॉग न करणारा? पाठांतराला इथं थाराच नाही, त्यामुळे नेहमी मागं बसणारी मुलं पुढं येतात.

दोन तासांची अट मला अडचणीची वाटत नाही. ते सलग दोन तास घेऊ नका, एवढंच. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून पाठांना जोडा. पाठात ‘केअरफुल’ आला त्या दिवशी ‘केअर’, ‘केअरलेस’, ‘केअरफुली’, ‘केअरलेसनेस’ हे अख्खं कुटुंब फळ्यावर आणायचं, आणि प्रत्येकाचं एक वाक्य मुलांकडून. वाक्य झाल्याशिवाय शब्द वहीत उतरवायचा नाही. याला वेगळा तास लागत नाही आणि टेन्सही अडत नाहीत.

परीक्षेत ‘लेस प्रत्ययाचा अर्थ लिहा’ हा प्रश्न विचारूच नका. दहावीला बोर्डाच्या पेपरात प्रत्यय किंवा उपसर्ग लावून नवा शब्द करायला सांगतात, तिथं नुसता अर्थ पाठ असून गुण मिळत नाहीत. तुमच्या चाचणीत गाळलेल्या जागेचं वाक्य द्या आणि कंसात मूळ शब्द. ‘द रोड वॉज डार्क अँड द चाइल्ड वॉज ...’, कंसात ‘फ्राइटन’. इथं ‘फ्राइटनिंग’ की ‘फ्राइटन्ड’, हे मुलाला वाक्य वाचूनच ठरवावं लागेल. एक प्रश्न फसव्या शेपटांचा ठेवा: बेकर, कॉर्नर, पेंटर, पेपर यांतले प्रत्यय नसलेले शब्द शोधा आणि कशावरून ते मराठीत सांगा. हो, मराठीत. कारण देण्याची परीक्षा आहे, इंग्रजी वाक्यरचनेची नाही. आणि एक प्रश्न पाठाबाहेरच्या शब्दाचा, न शिकवलेल्या पण फोडता येण्याजोग्या. ‘क्लाउडलेस’ देऊन चित्र काढायला सांगितलंत तरी चालेल.

गुण देताना दोन भाग करा. शब्दाचं रूप वाक्यात योग्य बसलं त्याचा एक, स्पेलिंगचा अर्धा. ‘हॅपीनेस’ ‘वाय’नं लिहून योग्य जागी वापरणाऱ्या मुलाला ‘शी इज हॅपीनेस’ लिहिणाऱ्यापेक्षा जास्त गुण मिळाले पाहिजेत. पालकांनी विचारलं तर दोन्ही वह्या समोर ठेवून दाखवा.